स्कीच्या बुटात एकच मोजा

देवरूखच्या घरांत लोकरीचे मोजे ही गरजेची वस्तू कधीच नव्हती. इथली थंडी म्हणजे पहाटेच्या नमाजला जाताना खांद्यावर एक शाल, आणि पायांत बारा महिने चप्पल. पावसाळ्यात वाडीत किंवा शेतात जायचे तर गमबूट, नाहीतर अनवाणी. मोजे घालतात ती शाळेत जाणारी मुले, आणि जून ते सप्टेंबर तेही बहुधा ओलेच असतात.

पण आपल्या घरांतल्या सहली बदलल्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत काश्मीरला जाणारी कुटुंबे आता आपल्या तालुक्यात, चिपळूणला, रत्नागिरीला सगळीकडे दिसतात. ज्यांची मुले दुबई-शारजात नोकरीला आहेत, ती अम्मी-अब्बांना व्हिजिटवर बोलावतात आणि एक दिवस मॉलमधल्या बर्फात घेऊन जातात. दोन्ही ठिकाणी घरातला कोणीतरी, बहुतेक वेळा शाळकरी मुलगा किंवा कॉलेजातली मुलगी, स्कीइंग करायचा हट्ट धरते. मग पाय अशा बुटात जातो, ज्याच्यासारखे काही आपण कधी घातलेलेच नसते. तासाभरात रडारड सुरू होते. नडगी दुखते, बोटे बधीर होतात, टाचेला फोड येतो. पैसे भरलेले असतात, शिकवणारा उभा असतो, आणि मूल म्हणते, बूट काढा.

अशा वेळी दोष थंडीला दिला जातो. आमच्या पाहण्यात मात्र खरे कारण बॅगेत असते. निघण्याआधी नानीपासून फुफीपर्यंत सगळ्या एकच सल्ला देतात: “दोन-दोन मोजे घाल हो, तिथे फार गारठा असतो.” माया खरी आहे, सल्ला या एका बुटापुरता उलटा आहे. स्कीच्या बुटात जितके जास्त भराल तितका पाय जास्त दुखतो आणि जास्त गारही पडतो.

हे समजायला बूट कसा असतो ते पाहावे लागेल. बाहेरचे कवच टणक प्लास्टिकचे असते, ते वाकत नाही. त्याच्या आत एक जाड, मऊ, काढता येणारा अस्तराचा बूट असतो. त्याला लायनर म्हणतात. ऊब देण्याचे काम या अस्तराचे आहे, मोज्याचे नाही. बूट घोट्याच्या बराच वर, पोटरीपर्यंत जातो आणि किंचित पुढे झुकलेला असतो. त्यामुळे गुडघे वाकवून उभे राहावे लागते आणि नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकते. स्की वळवायची तर याच जागेवर दाब द्यायचा. म्हणजे दिवसभर शरीराचा भार नडगीच्या पुढच्या हाडावर घासत राहतो, आणि तिथे तर मांस जवळजवळ नसतेच. त्या जागी कापडाची एक सुरकुती जरी आली, तरी सगळा दाब त्या रेघेवर येतो. संध्याकाळी मोजा काढल्यावर तिथे लाल वळ दिसतो, दुसऱ्या दिवशी बूट घालवत नाही.

दोन मोजे घातले की काय होते? एक दुसऱ्यावर सरकतो, आणि घर्षणाने फोड येतो. कवच ताणले जात नाही, म्हणून आतली जागा संपते आणि पाय आवळला जातो. पायाच्या वरच्या बाजूने जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही. पायाला ऊब मिळते ती रक्तातून, मोजा ती फक्त धरून ठेवतो. रक्तच आले नाही तर तीन मोजेसुद्धा गार पायाला गारच ठेवतील. मग मुलाची आई आणखी एक मोजा चढवते, आणि त्रास वाढत जातो.

म्हणून बुटात एकच मोजा. तो गुडघ्याच्या जरा खालपर्यंत उंच हवा, म्हणजे त्याची वरची कड बुटाच्या बाहेर राहील. घोट्याशी संपणारा मोजा इथे निरुपयोगी, कारण बुटाची कड उघड्या कातडीवर घासते. मोजा पातळ किंवा मध्यम असावा, पायाला घट्ट बसणारा, टाच टाचेच्याच जागी येणारा. विकत घेताना हात आत घालून बोटांजवळची शिवण पाहा. जाड, उठावाची शिवण असेल तर ठेवून द्या.

कापड लोकरीचे किंवा लोकर आणि कृत्रिम धागा यांचे मिश्रण असावे. आपले शाळेचे सुती मोजे इथे चालत नाहीत. बर्फातही पायाला घाम येतो, बुटात तर खूपच येतो. सूत तो घाम शोषून कातडीला चिकटून बसते, आणि ओले सूत थंडगार लागते. लोकरीचा गुण वेगळा आहे. ती आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा धाग्याच्या आत सामावून घेते, आणि दमट झाली तरी काही प्रमाणात ऊब देत राहते. बाजारात ‘वूलन’ म्हणून मिळणारे पुष्कळ मोजे निव्वळ अ‍ॅक्रिलिकचे असतात, तेव्हा दुकानदाराच्या शब्दापेक्षा लेबल वाचा.

मापाबद्दल एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. आपल्याकडे शाळेचे बूट घेताना “पुढच्या वर्षीही होतील” म्हणून एक नंबर मोठा घ्यायची रीत आहे. पुढे कापूस कोंबतो आणि काम भागवतो. स्कीच्या बुटात ही काटकसर महागात पडते. बूट मोठा असला की टाच उचलली जाते, पाय आत घसरतो, मूल बक्कल करकचून आवळते, आणि पुन्हा तेच, रक्त थांबते. या बुटांचा नंबर आपल्या सात-आठ नंबरसारखा नसतो, तो पायाच्या लांबीचा सेंटिमीटरमधला आकडा असतो. घरीच माप घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला लावून उभे राहायचे, कागदावर सर्वांत लांब बोटाशी खूण करायची आणि पट्टीने मोजायचे. साडेचोवीस सेंटिमीटर आले तर साडेचोवीसचाच बूट मागायचा. भाड्याच्या दुकानात गर्दी असते, दुकानदार एक नजर टाकून जोडी पुढे करतो. आकडा आपल्याकडे असला की बोलता येते.

बूट घातल्यावर सरळ उभे राहा. बोटे पुढे किंचित टेकली पाहिजेत. मग गुडघे पुढे वाकवा. टाच मागे जाते आणि बोटे मोकळी होतात. असे झाले तर माप बरोबर. वाकल्यावरही बोटे दुमडलेलीच राहिली तर बूट लहान आहे, आणि सरळ उभे असतानाच ऐसपैस वाटले तर मोठा. बक्कल लावण्यापूर्वी टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा. आधी पोटरीजवळची बक्कले हलकी लावा, मग पायावरची. पायाच्या वरची बक्कले कधीच करकचून आवळू नका, ती फक्त जागेवर धरण्यापुरती असतात. मधे विश्रांतीला थांबलात की सगळी सैल करा.

थर्मल कुठे संपवायचे

आता आतल्या कपड्यांकडे येऊ. ज्याला आपण थर्मल किंवा इनर म्हणतो, ते अंगाला लागून असावे, पण बुटाच्या आत जाऊ नये. सगळा घोळ इथेच होतो. थर्मलच्या पायजम्याला खाली घोट्याजवळ घट्ट पट्टी असते. ती मोज्यात खोचली, किंवा मोजा तिच्यावर ओढला, तर ती जाड कड बरोबर नडगीवर बूट दाबतो त्याच जागी येते. आधी मोजा सपाट वर ओढून घ्या. मग थर्मलचा पाय वर सरकवून बुटाच्या कडेच्या वर, गुडघ्याच्या खाली थांबवा. पोटरीपर्यंतच येणारे आखूड थर्मल मिळतात, ती यासाठीच असतात. ती न मिळाल्यास साधी थर्मल वर सरकवली तरी काम होते, फक्त गुंडाळी करू नका, कापड पसरून सपाट ठेवा. आणि बर्फाच्या पँटचा पायचा बुटाच्या आत नाही, बाहेरून खाली सोडायचा. त्याच्या आत एक लवचीक पट्टी असते, ती बुटाच्या कवचावर ओढली की बर्फ आत शिरत नाही. नडगीला बुटात फक्त एका मोज्याचा स्पर्श असला पाहिजे, बाकी काही नाही.

आपल्या भगिनींसाठी हा प्रश्न जरा जास्त गुंतागुंतीचा आहे. सलवारचा चुण्यांचा घेर बुटात कोंबलेला आम्ही पाहिला आहे. त्यात नडगीचे हाल होतात आणि सलवार गुडघ्यापर्यंत ओली होते. सलवार त्या दिवसापुरती हॉटेलवर ठेवावी. खाली थर्मल, त्यावर सैल बर्फाची पँट, आणि वरून गुडघ्याच्या खाली येणारा ढगळ कोट. पडद्याला यात कुठे बाधा येत नाही, उलट काश्मिरी फेरनची ठेवण अशीच सैल असते. ओढणीची किंवा स्कार्फची टोके मात्र कॉलरच्या आत घट्ट खोचलेली असावीत, सुटे टोक चढणाऱ्या लिफ्टमध्ये अडकू शकते. बुरखा घोट्यापर्यंत लांब असेल तर स्कीवर तो पायाखाली येतो, म्हणून आखूड आणि रुंद कोट हाच उपाय. सुती बनियनही अंगाला लागून नको, घामाने ओली झाली की पाठ गार पडते. आणि छाती, डोके गार पडले की शरीर हातापायांकडे जाणारे रक्त आखडते. पाय थंड वाटले की आधी टोपी नीट घाला, असे डोंगरातले लोक सांगतात. त्यामागचे कारण हेच.

गुलमर्गला जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्की करतच नाहीत. त्यांना वाटेत टंगमर्गला भाड्याचा लांब कोट आणि गमबूट मिळतो, आणि ते बर्फात चालतात. गमबुटाचे गणित वेगळे आहे. त्याला अस्तर नाही, रबर ऊब देत नाही, आणि आत जागा असते. तिथे जाड मोजा घाला, जागा उरत असेल तर त्याच्या आत पातळ मोजाही चालेल. बोटे मात्र हलली पाहिजेत. भाड्याचा बूट आतून हात घालून पाहा, ओला असेल तर दुसरा मागा.

थंडी किती, असे विचाराल तर कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर १६४६ मीटरचे आहे. गुलमर्गचे मैदानच सुमारे २६५० मीटरवर आहे, आणि तिथून गोंडोला अफरवटच्या दिशेने आणखी वर जाते. हिवाळ्यात पारा रात्री शून्याच्या बराच खाली असतो. पण हे काही अशक्य ठिकाण नाही. टंगमर्गचा आरिफ खान वयाच्या चौथ्या वर्षी स्कीवर उभा राहिला. वडिलांचे स्कीच्या सामानाचे दुकान होते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताकडून तो एकटाच खेळाडू होता. उद्घाटनाला तिरंगा त्याच्याच हातात होता, आणि जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. तिथली मुले या बुटांत लहानाची मोठी होतात. आपल्या मुलांना एका दिवसात ते जमावे अशी अपेक्षा कशाला? पहिल्या दिवशी दोन तास पुष्कळ झाले.

वजू, मसह आणि बूट

हा भाग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, कारण या बाबतीत प्रवासी कंपनीचा माणूस काही सांगत नाही.

गारठ्यात मोज्यांवर मसह करण्याची सवलत दीनने दिली आहे. हजरत मुगीरा बिन शोबा (रजि.) यांच्या रिवायतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सफरमध्ये मसह केल्याचा उल्लेख आहे, आणि तो बुखारी-मुस्लिम दोन्हींत आहे. घरी असणाऱ्यासाठी मुदत एक दिवस-रात्र, मुसाफिरासाठी तीन दिवस-रात्री. वजू पूर्ण करून मोजे घातलेले असावेत, आणि मुदत मोजली जाते ती मोजे घातल्यानंतर वजू पहिल्यांदा तुटल्यापासून. पण हे मोजे म्हणजे चामड्याचे खुफ्फैन, किंवा तशाच मजबूत वस्तूचे. साध्या पातळ मोज्यांवर हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत मसह होत नाही. आपल्या कोकणातली बहुतेक घरे शाफई आहेत, त्यांच्याकडे तर पाणी आत झिरपू नये आणि घोटे झाकलेले असावेत ही अट स्पष्ट आहे.

अडचण अशी, की चामडी मोजा स्कीच्या बुटात घालता येत नाही. त्याच्या शिवणी आणि जाडी वर सांगितलेले सगळे त्रास घेऊन येतात. म्हणून वाटणी करावी. फिरण्याच्या दिवशी, गमबुटात किंवा चालण्याच्या बुटात, चामडी मोजे आणि त्यावर मसह. स्कीच्या दिवशी पाय धुवावेत. आणि हे वाटते तितके जड नाही. हॉटेलमध्ये गिझर असतो, फजरचा वजू गरम पाण्याने करून बाहेर पडा. पाणी गरम मिळत असताना तयम्मुमचा विचार करण्याचे कारण नाही. जानेवारीच्या मध्यात काश्मीरमध्ये जुहरची वेळ पावणेएकच्या सुमारास सुरू होते आणि सूर्य पाचचाळीसच्या आसपास मावळतो. दुपारी जेवायला थांबायचेच असते. तेव्हा बूट काढा, पाय धुवा, कोरडे करा, दुसरा कोरडा मोजा घाला, नमाज पढा, मग जेवा. स्की शिकवणारेही हेच सांगतात, की दुपारी मोजा बदला. घामाने ओला झालेला मोजा काढून कोरडा घातला की दुपारनंतर पाय उबदार राहतात. बूट घालूनच नमाज पढावी म्हणाल, तर त्या बुटात घोटा वाकत नाही, सजदा नीट होणार नाही.

शाफई मुसाफिराला जुहर आणि असर एकत्र पढण्याचीही मुभा आहे. मुक्काम किती दिवसांचा आहे यावर मुसाफिर असणे-नसणे ठरते, ते निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. हनफी घरातल्यांनी दोन्ही नमाजा आपापल्या वेळी पढाव्यात. गुलमर्गमध्ये मशीद आहे, आणि तिथले लोक वजूसाठी गरम पाणी देण्यात कधी हात आखडता घेत नाहीत.

वजूनंतरची एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसल्याशिवाय मोजा घालू नये. कोकणात ओल्या पायांनी चप्पल घातली तर फार तर चिखल्या होतात. तिथे ओला पाय बुटात गेला की दहा मिनिटांत बोटे बधीर होतात. खिशात हातरुमालाएवढा छोटा टॉवेल ठेवा.

आता मधुमेहाबद्दल. आपल्या समाजात साखरेचा आजार घराघरात आहे, आणि काश्मीरला जाणाऱ्या ताफ्यात चाळिशी-पन्नाशीचे मामू-खाला असतातच. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. बूट चावतो आहे, फोड आला आहे, पाणी जास्त गरम आहे, यातले काहीच कळत नाही. कळते तेव्हा जखम झालेली असते, आणि मधुमेहाच्या पायाची जखम महिनोन्महिने भरत नाही. ज्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी भाड्याचे टणक बूट घालूच नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. बर्फ पाहावा, चहा प्यावा, आपल्याच सवयीच्या बुटात फिरावे. बाकीच्यांनी रोज रात्री पाय उजेडात पाहावेत, तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा. पाच वेळा पाय धुणाऱ्याला पाय पाहण्याची पाच वेळा संधी असते, ती वाया घालवू नये. गार पडलेले पाय कांगडीवर, बुखारीजवळ किंवा हीटरसमोर धरून शेकू नका, आणि बर्फाने चोळू तर मुळीच नका. पांढुरके, बधीर बोट दिसले तर आत जाऊन कोमट पाण्यात ठेवायचे. पाण्याची ऊब दुसऱ्या कोणीतरी कोपराने पाहायची. रंग आणि जाणीव परत आली नाही तर डॉक्टर. इन्शुलिन घेणाऱ्यांनी पेन कोटाच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवावे, ते गोठले की निकामी होते.

दुबईचे प्रकरण यापुढे सोपे आहे. मॉल ऑफ द एमिरेट्समधले स्की दुबई २००५ साली सुरू झाले. आत तापमान शून्याच्या किंचित खाली असते, सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा. जाकीट, पँट, बूट तिथेच मिळतात, नमाजची जागा मॉलमध्येच आहे. अडचण एवढीच, की माणसे बाहेरच्या उकाड्यातून सँडल घालून येतात आणि घामेजल्या पायांनी, सुती आखूड मोज्यांनी बुटात शिरतात. घरून निघताना पर्समध्ये प्रत्येकाचा एक उंच लोकरी मोजा टाका. आत जाण्याआधी पाय धुऊन पुसून घाला. वेळ दोन तासांचा असतो, तेवढ्यासाठी थर्मलही लागत नाही.

रात्री हॉटेलवर आल्यावर बुटाचा लायनर बाहेर ओढून वाळत ठेवायचा. बुखारीला टेकवून नाही, त्याने आतला फोम कडक होतो आणि लोकरीचा मोजा आटतो. आपल्या घरी जूनमध्ये मुलांच्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालतो ना, तेच करा. दोन तासांनी बोळे बदला. प्रत्येकाचे तीन जोड मोजे पुरतात: एक पायात, एक खिशात दुपारसाठी, एक धुतलेला. झोपताना दिवसाचा मोजा घालून झोपू नये, त्यात ओलावा असतो.

आणि परत देवरूखला आल्यावर हे मोजे पेटीत टाकून देऊ नका. थंड पाण्यात, पिळून न काढता धुवा, सावलीत आडवे वाळवा. पूर्ण कोरडे झाल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबरगोळ्या घालून प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा. आपल्या पावसात बुरशी आणि कसर लोकरीला दोन महिन्यांत खातात. ऑगस्टमध्ये एखादे दिवशी कडक ऊन पडले की डबा उघडून मोजे तासभर बाहेर काढावेत.